आवाज बंद करून पाहिलेली कुस्ती

सातपूर, नाशिक
बुधवार, सकाळ

प्रिय धनराज,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत लिहितो : आम्ही सगळे ठणठणीत आहोत आणि तुझी वहिनी माझ्यावर नेहमीसारखीच चिडलेली आहे. दर रविवारी फोनवर तासभर बडबडणारा हा माणूस कागद कशाला काळे करतोय, असं तुला वाटेल. तर त्याचं असं आहे की, फोनवर तू ‘काय माईक, काय म्हनतो?’ असं विचारलंस की माझ्या गळ्यात लगेच यात्रा भरते. मग मी बोलत नाही, पुकारतो. गेल्या दोन महिन्यांत तीनदा तुला एक गोष्ट सांगायला फोन लावला आणि तिन्ही वेळा तुझी म्हैस नि माझे गुडघे यांच्यावर बोलून ठेवून दिला. कागदावर तरी आवाज चढवता येत नाही. आमच्या वर्कशॉपमधला बुद्धभूषण उद्या नांदगावला सासुरवाडीला निघालाय, त्याच्या हाती हे देतोय. त्याला चहा पाज, पण त्याच्यासमोर वाचू नकोस.

गोष्ट आरोहीची आहे. तू लेक माझ्या भरवशावर इथल्या तालमीत ठेवलीस आणि दर रविवारी ती आमच्याकडे जेवायला येते, हे तुला ठाऊकच आहे. दिवाळीनंतरच्या एका रविवारी तुझ्या वहिनीच्या लक्षात आलं की पोरगी भाकरी डाव्या हाताने मोडतेय. मी आपलं म्हटलं, बापाची लेक आहे, बापाची नक्कल करत असेल. वहिनीने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा घास गिळला नाही. पोरीला आत नेऊन विचारलं तेव्हा कळलं की मानेपासून उजव्या हाताच्या बोटांपर्यंत मुंग्या येतात, सकाळी वेणी घालताना फणी हातातून सुटते. आम्ही तिला डॉक्टरकडे नेलं. मानेच्या दोन मणक्यांमधली गादी सरकलीय आणि ती नस दाबतेय. सहा महिने माती नाही की मॅट नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं. एखादा वेडावाकडा झटका बसला तर हात कायमचा लुळा पडेल, आणि नुसत्या हातावर निभावलं तर नशीब समजा, असंही म्हणाले. बाहेर पडल्यावर आरोहीने काय केलं असेल? मानेचा काढलेला फोटो नि रिपोर्ट घडी घालून पेटीच्या तळाशी टाकले आणि तुझ्या वहिनीच्या गळ्याची शपथ घालून आमची तोंडं बंद केली. दुसऱ्या दिवशी पहाटे ती जोर मारायला हजर. तिच्या वस्तादालाही पत्ता नाही. ती शपथ मी आत्ता मोडली.

येत्या रविवारी यात्रेत तिची जोड ठरलीय. तू म्हणशील, कारभारी, तू तिथला निवेदक, समितीत तुझी उठबस, एक शब्द टाकून जोड रद्द कर. करतो. पण मग ती पुढच्या यात्रेला जाईल, नाहीतर त्याच्या पुढच्या. माईक सगळीकडे माझा नसतो. तिला फडातून बाहेर काढून उपयोग नाही, धन्या. तिच्या डोक्यातून एक गोष्ट काढायला हवी, आणि ती गोष्ट तिथे मी घातलीय.

यंदाच्या यात्रेचं तुझ्या कानावर आलंच असेल. समितीने ‘जिल्ह्याचा सर्वकाळचा सर्वश्रेष्ठ मल्ल’ असा किताब काढलाय, पोरं मोबाईलवर मतं देतायत, आणि तू सगळ्यांच्या पुढे आहेस. समितीचं पत्र तुला येऊन तीन आठवडे झाले आणि तू हो की नाही काहीच कळवलेलं नाहीस, म्हणून ते माझ्या मागे लागलेत. आमच्या इथे चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटली की हाच वाद. एक म्हणतो, ज्याच्या घरात गदा जास्त तो मोठा. दुसरा म्हणतो, गदा काय, मातीत नि मॅटवर दोन्हीकडे जिंकलेला दाखवा. तिसऱ्याला वजनगटाचा मुद्दा काढल्याशिवाय चैन पडत नाही. शेवटी कोणीतरी म्हणतं, ‘ते सगळं ठीक हाय, पन खांदा निसटल्यावर हात वर करून निकाली मागनारा दुसरा कोन हाय सांग!’ की वाद संपला. मी ग्लास हातात धरून तिथेच उभा असतो. लोक माझ्याकडे कौतुकाने बघतात, कारण ते शब्द माझे आहेत. मी आजवर किती जणांना सर्वश्रेष्ठ म्हटलं याची मलाच मोजदाद नाही. हरसूलच्या बाजारात एकदा हातात माईक आला तेव्हा एका बैलालासुद्धा मी महाराष्ट्राचा मानबिंदू म्हणालो होतो. बैल बिचारा रवंथ करत राहिला. माणसांना मात्र ते खरं वाटतं.

परवा सहादू वस्तादांची फार आठवण आली. आपल्या तालमीत पहिल्या दिवशी त्यांनी आपल्याला कुठला डाव शिकवला होता, आठवतं? कुठलाच नाही. दोघांना समोरासमोर बसवलं आणि हात वर करायला लावला. ‘समोरच्याचा हात वर झाला की सोडायचं. का, ते इचारायचं नाय.’ बस्स. आठवडाभर तेवढंच. पकड घालायची, हात वर, सोडायचं. आपण कंटाळून गेलो होतो. मग कधीतरी आपणच मोठ्या तोंडाने विचारलं होतं, वस्ताद, सगळ्यांत मोठा पैलवान कोण? तेव्हा ते लंगोट वाळत घालता घालता म्हणाले, ‘ज्याच्या हाताखालचं पोर धड घरी जातं, त्यो.’ आपल्याला ते फारच मिळमिळीत वाटलं. कोणीतरी हत्तीला लोळवणारा हवा होता आपल्याला. पुढे तू खरोखरच मोठा झालास आणि मी नारळाच्या बक्षिसाच्या कुस्तीतसुद्धा मिनिटभर टिकलो नाही. वस्ताद म्हणाले, ‘कारभारी, तुझं अंग चालत नाय, पन त्वांड लय चालतं. तू माईक धर.’ त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. मी आयुष्यभराचं काम म्हणून घेतलं.

आता त्या दुपारकडे येतो. बावीस वर्षं झाली. आपण दोघांनी ती कुस्ती हजारदा सांगितलीय, पण एकमेकांना कधीच नाही, लक्षात आलंय तुझ्या? आधीच्या दोन मोठ्या कुस्त्या बरोबरीत सोडवल्या होत्या. सकाळपासून भाकरी बांधून आलेली माणसं शिट्ट्या मारत होती, मातीची ढेकळं फडात येऊन पडत होती. मग तू आणि कोल्हापूरकडचा रविराज. हलगी वाजत होती, मी मंडपातून बोलत होतो, आणि अठरा मिनिटं कोणी कोणाला दाद देईना. मग त्याने तुझा उजवा हात मागे घेऊन तुला खाली आणलं आणि तुझ्या खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. पुढे बसलेल्यांना ते ऐकू गेलं म्हणतात. तू गुडघ्यावर आलास आणि तोच हात कसाबसा कानापर्यंत वर केलास. आणि मी माईकवर ओरडलो, ‘हात वर केलाय! धनराजने हात वर केलाय! निकाली मागतोय वाघ! बरोबरी नको म्हणतोय, निकाली!’ माणसांनी भरलेला सगळा डोंगर उठून उभा राहिला. हलगीवाल्यांनी ठेका दुप्पट केला. पंच तुझ्या दिशेने दोन पावलं आला होता, तो थांबला. तू एकदा मंडपाकडे बघितलंस, हात खाली घेतलास, डाव्या हाताने माती उचलून अंगाला लावलीस. चार मिनिटांनी त्याच दुखऱ्या हाताने रविराजला ढाकेच्या डावावर घेतलंस, तो चीत आणि तू त्याच खांद्यावर आपटलास. तो हात त्यानंतर वर झाला नाही.

दवाखान्यात मी तुझ्या उशाशी बसलो होतो. आतली नस तुटली आहे, वेळीच थांबला असता तर हात वाचला असता, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. मी म्हणालो, ‘धन्या, मला वाटलं तू निकाली मागतोयस.’ तू छताकडे बघत राहिलास. मग म्हणालास, ‘हां. तसंच आसंल.’ तेवढ्या एका वाक्यावर आपण दोघं बावीस वर्षं बसून आहोत. पुढच्या वर्षी गावाने तुझा सत्कार केला तेव्हा तू स्वतःच म्हणालास, हो, मागितली होती निकाली, आपल्या मातीची लाज राखायची होती. मी खाली बसून सगळ्यांत आधी टाळी वाजवली. मी तुला दोष देत नाही रे. हात गेलेल्या माणसाला निदान गोष्ट तरी हवी. पण तुझ्या घरात ती गोष्ट ऐकत एक पोर मोठी होत होती. तू फोन केलास की आरोहीच्या मोबाईलवर काय वाजतं, ठाऊक आहे का तुला? तुला कसं कळणार, तू पलीकडे असतोस. माझा आवाज वाजतो. ‘हात वर केलाय! निकाली मागतोय वाघ!’ तू तिला दूध प्यायलीस का विचारायला फोन करतोस आणि तिला आधी ते ऐकू येतं. तालमीतल्या लहान पोरींना ती सांगते, आमच्या घरात हात थांबायला वर होत नाही.

महिन्यापूर्वी किताबाच्या भाषणाची तयारी म्हणून मी त्या कुस्तीचा जुना व्हिडिओ मोबाईलवर लावला. तुझ्या वहिनीचं डोकं दुखत होतं, ती म्हणाली, तुमचा तो आरडाओरडा बंद करा. म्हणून आवाज बंद केला आणि तसाच बघत बसलो. धन्या, माझ्या आवाजाशिवाय ती कुस्ती मी जन्मात कधी पाहिली नव्हती. वेगळीच कुस्ती आहे ती. तुझा हात वर होतो, आणि त्याच क्षणी रविराजची पकड सुटते. तो मागे सरकतो, पंचाकडे वळून तुझ्या खांद्याकडे बोट दाखवतो. त्याला कळलं होतं. परमुलखातल्या त्या पोराला कळलं होतं. मग लोक उठतात, रविराज गोंधळून मंडपाकडे बघतो, आणि पुन्हा कुस्ती लागते. त्यानंतरची चार मिनिटं तू नीट बघ. त्याने तुझा उजवा हात एकदाही धरला नाही. दोनदा तो आयता त्याच्या हातात आला होता, नुसता ओढला असता तरी तू गेला असतास. दोन्ही वेळा त्याने सोडून दिला, डावीकडे गेला, आणि तिथेच तू त्याला घेतलंस. हरून उठल्यावर त्याने तुझा डावा हात वर केला, उजवा नाही. मी ते सोळा वेळा पाहिलं. वस्ताद लंगोट वाळत घालताना काय म्हणाले होते, ते मला पन्नाशी ओलांडल्यावर समजलं. त्या दिवशी फडात सर्वश्रेष्ठ मल्ल होता, आणि त्याच्या पाठीला माती लागली होती. तुला हे लिहिताना मला वाईट वाटतंय, पण तुला हे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. किताबाच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस तेव्हाच माझी खात्री झाली.

गेल्या रविवारी आरोही जेवायला आली तेव्हा तिच्यासमोर मोबाईल ठेवला आणि आवाज बंद करून तिला दाखवलं. मग सांगितलं, बाळा, तुझ्या बापाने थांबायला हात वर केला होता. मला कळलं नाही, माझी चूक झाली, मी भलतंच पुकारलं. मला वाटलं, पोरगी आता रडेल आणि आपलं काम होईल. पण ती हसली. प्रेमाने हसली रे, म्हणून जास्त लागलं. म्हणाली, ‘काका, तुम्हीच मला शिकवलंत ना, सहादू वस्तादांकडे पहिला धडा काय होता ते? बाबांनी थांबायला हात वर केला असता तर तुम्हाला कळला नसता? तुम्हाला? आणि कळून तुम्ही खोटं पुकारलं असतं, असं कसं होईल? मला घाबरवायला काहीही सांगू नका.’ मग ताट उचलून ठेवलं, डाव्या हाताने, आणि जाताना म्हणाली, ‘बाबांनी माझ्यासमोर बसून सांगितलं तरच मानीन.’ तुझी वहिनी दाराआड उभी होती. पोरगी गेल्यावर मला म्हणाली, तुम्ही तिला अर्धंच सांगितलंत. बाई कधी काय ओळखेल सांगता येत नाही. मी तिलासुद्धा कधी पूर्ण सांगितलेलं नाही.

म्हणून हे पत्र. पूर्ण सांगायला आधी तुझ्याशी सुरुवात करायला हवी होती. आरोहीचा हिशेब बरोबर आहे, धन्या. वस्तादांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला तो हात न कळणं शक्यच नव्हतं. मला बघताक्षणी कळला होता. तू पंचाकडे बघितलंच नव्हतंस. मंडपाकडे तोंड करून, माझ्याकडे बघून तू तो हात वर केलास, कारण त्या सगळ्या गर्दीत आपल्या तालमीचा मी एकटाच होतो. आणि मला दिसत होतं की लोक उठायला लागलेत, तिसरीही कुस्ती बरोबरीत गेली तर मला शिव्या पडतील, आणि पाच वर्षं मी ज्याला सर्वश्रेष्ठ म्हणत आलो तो आज हात वर करून थांबला असं मलाच पुकारावं लागेल. माझा शब्द खरा व्हावा म्हणून मी तुझा हात घालवला. तू ‘तसंच आसंल’ म्हणालास तेव्हा तुलाही ते ठाऊक होतं, आणि तू मला वाचवलंस. आता मला वाचवू नकोस, पोरीला वाचव. शनिवारी सकाळच्या गाडीने ये. मी स्टँडवर असेन. दुपारी आरोहीला जेवायला बोलावलंय. तिच्यासमोर आधी मी बोलेन, वर लिहिलंय तेच, शब्दही न बदलता, मग ती मला काका म्हणो न म्हणो. त्यानंतर तू एवढंच म्हण की तो हात थांबायला वर केला होता. त्याने तुझा किताब जाईल आणि माझा माईक जाईल, हे आपल्या दोघांनाही कळतंय. पण तिचा हात अजून शाबूत आहे. वस्तादांनी शिकवलं होतं तसा आज मी तुझ्यासमोर हात वर केलाय, धन्या. मला तुझा दिसला होता आणि मी सोडलं नाही. तुला माझा दिसला की तू ये.

तुझाच,
कारभारी